संदूक, आलमारी, चौरंग: जुन्या फर्निचरला रंगाचा नवा हात कसा द्यायचा

मी रंगवलेली पहिली आलमारी पंधरा दिवसांत सोलली. लेकानं दारावर शाळेचं वेळापत्रक चिकटवलं होतं. ते काढलं तेव्हा चिकटपट्टीबरोबर पोस्टकार्डाएवढा आकाशी रंग निघून आला आणि खालची जुनी चकचकीत सनमायका जशीच्या तशी बाहेर आली. मी ती पुसलीही नव्हती, घासलीही नव्हती. दुकानदार म्हणाला होता, "काही करायचं नाही, सरळ मारा." मी सरळ मारला.

त्यानंतर सासरच्या गावाहून, जिंतूरकडून, आजेसासूबाईंची संदूक छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. झाकण अख्ख्या सागवानी फळ्यांचं. बाजूंना तीन वेगवेगळ्या काळातले ऑइल पेंट, एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेलं आणि कुण्या सुतारानं प्लायवूडचा तुकडा ठोकून बुजवलेलं. या वेळी मी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या पेंटरमामांना विचारत विचारत काम केलं. खाली लिहिलंय ते बहुतेक त्यांच्याकडून आणि माझ्या चुकांमधून शिकलेलं आहे.

१. आधी ठरवा: रंग की पॉलिश?

हा निर्णय डबा विकत घेण्याआधी घ्यायचा. चांगल्या सागवानाच्या रेषांवर ऑइल पेंट फासला की तो पुन्हा काढायला चार दिवस जातात आणि लाकडाच्या छिद्रांत बसलेला रंग तरीही पूर्ण निघत नाही. त्यामुळे वस्तू उलटी करा. ड्रॉवरच्या मागे किंवा बुडाशी जिथं कधी रंग लागला नाही तिथं थोडं घासून बघा. सोनेरी-तपकिरी रेषा, तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा वास आला, तर तो साग. त्याला पॉलिश करा. बाभूळ आणि कडुनिंब यांच्या जुन्या घडवंच्या, बाजांचे गाते, पाट आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्या रेषा तुम्हाला आवडत असतील तर पॉलिश, नाहीतर खुशाल रंग. प्लायवूड, सनमायका, ठिगळं लावलेलं लाकूड यांना रंगच बरा.

आता वर आधीचं काय लागलंय ते ओळखा. कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून एका कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटनं काही झालं नाही पण एनसी थिनरनं (लॅकर पातळ करायचा थिनर) मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर बहुधा जुना ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). तो तसाच घट्ट बसलेला असेल तर खरवडून काढायची गरज नाही, घासून खडबडीत केला की नवा रंग त्यावर बसतो.

माझ्या संदुकीचं मी अर्धं-अर्धं केलं. झाकणाला लाख पॉलिश, बाजूंना रंग. कुणी म्हणेल हे धेडगुजरी दिसेल. दिसत नाही.

२. वाळवी आणि भुंगा

रंगाखाली वाळवी झाकली की ती मजेत खात राहते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं लाकूड ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथं टोचून बघा. मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी, आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं व खाली मैद्यासारखा भुसा म्हणजे भुंगा. भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजनं लाकडाचं कीडनाशक सोडायचं, दोन दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं आणि आठवडाभर खाली काळा कागद पसरून भुसा पडतोय का बघायचं. पडला तर पुन्हा औषध. पाळणा, लेकरांची खुर्ची, ताटं ठेवायची मांडणी यांना मात्र हे औषध घरी मारू नका.

३. सामान

एकदाच यादी करून आणा, नाहीतर गुलमंडीच्या पाच चकरा होतात.

- काचपेपर: ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबर. दुकानात 'पॉलिश पेपर' म्हणून मागा. ओल्या घासकामासाठी वेगळा 'वॉटर पेपर' मिळतो.
- धुण्याचा सोडा, जुन्या सुती साड्यांचे तुकडे
- लाकडाचा प्रायमर, लोखंडी भाग असेल तर रेड ऑक्साइड
- लांबी (खाचा-भोकं बुजवायची पुट्टी) आणि ती भरायची पत्री
- २ इंची आणि १ इंची ब्रश. इथं पैसे वाचवू नका, स्वस्त ब्रशाचे केस रंगात राहतात.
- टर्पेंटाइन, मास्किंग टेप, पांढरा फेविकॉल, सुतळी
- एन-९५ मास्क, रबरी हातमोजे

रंग किती लागेल ते मोजूनच घ्या. संदुकीच्या चार बाजू मिळून २४ चौरस फूट, दोन हात म्हणजे ४८. ऑइल पेंटच्या एका लिटरमध्ये एक हात धरून शंभर चौरस फुटांच्या आसपास सहज भागतं, म्हणजे अर्ध्या लिटरचा डबा पुरला. दुकानदार एक लिटर गळ्यात मारू बघतात. उरलेल्या रंगावर साय धरते आणि तो पुढच्या दिवाळीपर्यंत गॅलरीत पडून राहतो.

जुनं फर्निचर अजून घरात नसेल आणि हात साफ करायला काहीतरी हवं असेल, तर जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात फिरून या. पहिला प्रयोग तिथल्या तिपाईवर करा, आजीच्या संदुकीवर नको.

४. धुणं

स्वयंपाकघरातली मांडणी आणि देवघराचा चौरंग यांच्यावर तेलाचा, कुंकवाचा, धुराचा असा थर असतो की काचपेपर दोन मिनिटांत चिकट होऊन वाया जातो. म्हणून आधी धुणं, मग घासणं. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून फडक्यानं पुसून काढायचं, पाणी ओतायचं नाही. आणि शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की वाळल्यावर लाकडावर पांढरी भुकटी दिसते, आणि ती रंगाखाली राहिली तर रंग फुगून येतो.

वाळवायचं सावलीत, किमान एक दिवस. मी पहिल्यांदा मे महिन्यात आलमारीचं दार गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. संध्याकाळी ते पन्हाळीसारखं वाकलं होतं.

५. सांधे आणि कड्या

डुगडुगणारी खुर्ची रंगवली तर सांध्यापाशी रंग आधी तडकतो. सांधा उघडून जुना वाळलेला सरस पटाशीनं खरवडा. त्यावर नवा फेविकॉल चिकटत नाही. मग फेविकॉल लावून सांधा बसवा, भोवती सुतळीचे दोन वेढे घ्या, मध्ये काठी घालून पिळा आणि काठी कुठंतरी अडकवून चोवीस तास तशीच सोडा. शिकंजा विकत घ्यायची गरज नाही.

कड्या, कोयंडे, बिजागऱ्या सगळं काढा. ब्रशनं त्यांच्या भोवतीनं 'सांभाळून' रंगवता येतं असं वाटतं, येत नाही. कड्यांना चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, फक्त पितळेचा मुलामा. तो फार घासू नका. खरं पितळ असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ. आमच्या संदुकीचा कोयंडा काळा ठिक्कर होता, वीस मिनिटांत त्यावर खोदलेली वेल दिसायला लागली. सासूबाईंनी चाळीस वर्षांत ती पाहिली नव्हती.

६. घासणं

सगळं काम हेच आहे. मामा दारात उभे राहून म्हणाले होते, "काहून घाई करायल्या ताई? रंगाला अर्धा तास पुरते, घासायला दोन दिस लागतेत."

पण काचपेपर हातात घेण्याआधी एक धोका समजून घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा पिवळा, लाल, हिरवा ऑइल पेंट संशयास्पदच धरा. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओला घासा, एन-९५ मास्क लावा (तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही), लेकरं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. खाली प्लास्टिक अंथरा, घासलेला चिखल त्यातच गुंडाळून टाका, झाडू मारू नका. ते कपडे वेगळे धुवा. मशीननं घासायचा मोह तर अजिबात नको, ती भुकटी घरभर उडवते.

आता घासायची रीत. काचपेपर हवाई चपलेच्या तुकड्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात. सोललेल्या, पोपडे आलेल्या जागी ८०, मग सगळीकडे १२०, मग १८०. नंबर गाळून उडी मारली तर ८० चे ओरखडे रंगातूनही दिसतात. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. सनमायकावर १२० नं इतकं घासा की तिची चमक पूर्ण मरेल. माझ्या पहिल्या आलमारीला एवढंच हवं होतं.

झालं की नाही कसं कळणार? डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारी लांबीची कड हाताला लागते.

शेवटी ओलसर फडक्यानं पुसा. साग असेल तर थिनरच्या फडक्यानं एक हात मारा आणि तासाभरात प्रायमर लावा. सागाचं तेल पुन्हा वर येतं आणि त्यावर प्रायमर नीट धरत नाही.

७. प्रायमर आणि लांबी

प्रायमर थोडा टर्पेंटाइन घालून पातळ करा, एक हात द्या आणि रात्रभर राहू द्या. प्रायमर लागला की सगळ्या खाचा, खिळ्यांची भोकं एकदम उठून दिसतात. आता लांबी भरा. जाड थर एकदम भरू नका, वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आठवड्यानं खचतो. दोन पातळ हातांत भरा, २२० नं घासा, पुन्हा एक प्रायमर.

मोठं भोक असेल तर त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये मळून भरा. हे फक्त रंगाखाली. पॉलिशखाली तो डाग कायम वेगळा दिसतो, कारण फेविकॉल पॉलिश पीत नाही.

८. रंग

मराठवाड्यात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस. एप्रिल-मे मध्ये करायचंच असेल तर सकाळी सहा ते नऊ. दुपारी ४२ अंशांत रंग ब्रशावरच घट्ट होतो, एक पट्टा ओढून दुसरा जोडेपर्यंत पहिला वाळलेला असतो आणि प्रत्येक जोड दिसतो. शिवाय वावटळीची धूळ. पावसाळ्यात ऑइल पेंट वाळायला दोन-दोन दिवस घेतो.

रंगायच्या अर्धा तास आधी अंगणात किंवा गच्चीवर सडा मारा. धूळ खाली बसते. पंखा बंद. डबा काठीनं तळापर्यंत ढवळा, हलवून फेस काढू नका. जुना डबा असेल तर साडीच्या जाळीदार तुकड्यातून गाळून घ्या. पहिला हात टर्पेंटाइन घालून जरा पातळ, दुसऱ्या दिवशी ३२० नं अलगद घासायचा, पुसायचा आणि दुसरा हात. ब्रश तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच बुडवा. शेवटचा ओढा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता आणि मग परत तिथं हात लावू नका. 'इथं जरा कमी वाटतंय' म्हणून दहा मिनिटांनी फिरवलेला ब्रश सगळ्यात जास्त नुकसान करतो.

ऑइल पेंटचा वास नको असेल तर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक इनॅमल घ्या. तो लवकर वाळतो, पण आपल्या उन्हाळ्यात फारच लवकर. भिंतीचा उरलेला डिस्टेंपर मात्र फर्निचरला लावू नका, हाताला भुकटी येते.

९. नक्षी

इथं तुम्ही रमणार, म्हणून दोनच दिवसांत सगळं करायचं ठरवू नका. खालचा रंग निदान तीन दिवस वाळू द्या.

*पैठणीचा काठ.* संदुकीच्या बाजूंना मी गर्द मोरपंखी रंग दिला आणि खाली चार बोटं सोनेरी काठ काढला. मोराचा मोह सगळ्यांना होतो, पण बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातला मोर) स्टेन्सिलला अवघड, त्यात बारीक पूल, म्हणजे दोन तुकड्यांमधल्या न कापलेल्या पट्ट्या, फार. नारळी काठ किंवा मुनियाची (पैठणीवरच्या पोपटाची) रांग सोपी. स्टेन्सिलसाठी घरातली जुनी एक्स-रे फिल्म वापरा. आकृती कागदावर काढून फिल्मखाली चिकटवा, काचेवर ठेवून कटरनं कापा. चोच, पान, फळ, एकेक तुकडा सुटा राहील असं कापायचं. दोन तुकड्यांत निदान दोन मिलिमीटरचा पूल ठेवा, नाहीतर फिल्म फाटते.

माझी पहिली मुनिया फुगलेल्या कोंबडीसारखी आली. रंग फिल्मखाली पसरला होता. स्पंज रंगात बुडवायचा, मग जुन्या वर्तमानपत्रावर टिपत राहायचा, इतका की वाटावं आता यात रंगच उरला नाही. तेव्हा तो स्टेन्सिलवर सरळ वरून टिपायचा, घासायचा नाही. फिक्कं आलं तर दुसऱ्यांदा टिपा. प्रत्येक चार-पाच ठशांनंतर फिल्मची मागची बाजू पुसा. आणि काठ कोपऱ्यापासून सुरू करू नका. बाजूचा मध्य शोधा, तिथून दोन्हीकडे जा, म्हणजे कापलेली मुनिया कोपऱ्यात येणार नाही.

*बिदरीची छटा.* बिदरी म्हणजे जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी जडवून, बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं तो धातू काळा करायची कला. निजामाच्या राज्यात बिदर आणि आपण एकाच सरकारखाली होतो, त्यामुळे जुन्या घरांतून एखादी बिदरी पानदानी अजून निघते. फर्निचरवर नक्कल सोपी आहे: चमक नसलेला काळा रंग, त्यावर रुपेरी बारीक वेल. छोट्या वस्तूला शोभते, चौरंगाला किंवा पेटीला. अख्खी आलमारी अशी केली तर घर अंधारतं.

*तडकलेला रंग.* खालचा रंग वाळल्यावर फेविकॉलचा हात, तो अजून चिकट असतानाच वर पाण्याच्या इमल्शनचा एकच हात. फेविकॉल आकसतो आणि वरचा रंग काही मिनिटांत भेगाळतो. ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की भेगा पुसल्या जातात. आपली कोरडी हवा याला फार मानवते.

*झिजलेला रंग.* पहिला रंग वाळला की कडांवर, कोपऱ्यांवर मेणबत्ती घासा, वर दुसरा रंग द्या आणि वाळल्यावर ३२० नं कडा घासा. मेणावरचा रंग निघतो, खालचा दिसतो. मी हे एका तिपाईवर करत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "रंगवून झालं ना? मग आता खरवडायलीस काहून?" त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आता फारसं पटत नाही. ज्या घरात खरंच झिजलेल्या वस्तू आहेत तिथं खोटी झीज कशाला?

१०. पॉलिशवाल्या भागासाठी

अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा लाख काचेच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी गाळा. हे स्पिरिट विषारी असतं, बाटलीवर तसं लिहा. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात बांधून गादी करा, ती लाखेत भिजवून पिळा आणि रेषेच्या दिशेनं सलग फिरवत जा, मध्ये थांबलात की गादी चिकटते. सहा-सात पातळ हात, दोन-दोन हातांनंतर ३२० ची हलकी घासणी. पावसाच्या दिवशी करू नका, हवेतल्या ओलीनं पॉलिश पांढुरकं पडतं. तसं पडलंच तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटनं किंचित ओली केलेली गादी एकदा वरून सरकवा, बहुतेक वेळा जातं.

लाखेला उष्णता आणि पाणी सोसत नाही. संदुकीवर चहाचा कप ठेवला की गोल उमटलाच. जेवणाच्या टेबलाला म्हणून लाख नको, तिथं पीयू.

काहीजण जवसाचं तेल चोळतात. चटणीच्या जवसाचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं तेल घ्या. आणि त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका. आमच्याकडचा मे महिना, बंद फ्लॅट आणि तेलकट बोळा, हा मेळ होऊ देऊ नका.

११. रंग झाल्यावर

हाताला वाळलेला रंग आतून कच्चाच असतो. कड्या-कोयंडे चार दिवसांनी बसवा. वर काही जड ठेवायला निदान आठवडा थांबा, नाहीतर फुलदाणीची गोल खूण कायमची राहते. आलमारीचं दार बंद करून ठेवलं तर कडा एकमेकींना चिकटतात आणि उघडताना सोलतात, म्हणून ते पहिले पंधरा दिवस किंचित उघडं ठेवा. पायांखाली रबरी गुटके लावा, फरशी पुसतानाचं पाणी लाकडात चढत नाही आणि वाळवीलाही जमिनीवरून सरळ वाट मिळत नाही.

संदुकीच्या आतून मी रंग दिलाच नाही. आत फक्त घासून, पुसून सोडलं. तरीही झाकण उघडलं की टर्पेंटाइनचा वास महिनाभर येत होता आणि तोवर आजेसासूबाईंच्या वाकळा दिवाणावरच पडून होत्या.